पाच जणांचा डाव आणि एक बंद माईक

मुहैस्नाहमध्ये जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत "मुलांनी संध्याकाळी खाली जाऊन खेळावे" असे म्हणणारा माणूस एकतर नुकताच आलेला असतो, नाहीतर त्याला मुले नसतात. सूर्य मावळल्यावरही इमारतीच्या भिंती हाताला चटका देतात आणि दारातून बाहेर पडताच चष्म्यावर वाफ धरते. आम्ही मुहैस्नाह चारमध्ये राहतो. मदिना मॉल पायी जाण्याइतका जवळ आहे, पण त्या दिवसांत तेवढे अंतरही गाडीने जावे लागते. अशा घरातली मुले संगणकापुढे बसतात यात नवल ते काय? आमच्याकडे सोळा वर्षांची कन्या बसते. कानाला हेडफोन, डोळे पडद्यावर, आणि जेवायला हाक मारली की "बाबा, ही एकच फेरी" हे ठरलेले उत्तर. शेवटी सौ.ने एके दिवशी निर्वाणीचे सांगितले, "अहो, तुम्ही संगणकातले डॉक्टर ना? मग ती काय खेळते ते बघा तरी. नाहीतर मी ते यंत्र उचलून माळ्यावर ठेवते."

मी अभियांत्रिकीतला डॉक्टर. यंत्राला दिलेला संदेश उशिरा पोचला तर काय घोटाळे होतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय. पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. बंदुकांच्या खेळांशी माझा संबंध विद्यार्थिदशेत वसतिगृहात संपला होता. तरी सौ.ची आज्ञा प्रमाण मानून मी कन्येच्या शेजारी खुर्ची ओढली, आणि पुढे स्वतःचे खाते उघडून दीड वर्ष तो खेळ खेळलो. आपल्या पत्रिकेत नाटकांची, पुस्तकांची, क्वचित एखाद्या उपाहारगृहाचीही परीक्षणे येतात. मग आपली मुले ज्यात रोजचे दोन तास घालवतात त्या गोष्टीचे परीक्षण का येऊ नये? या विचाराने हा लेखप्रपंच.

खेळाचे नाव व्हॅलोरंट. अमेरिकेतल्या रायट गेम्स या कंपनीने तो २ जून २०२० रोजी, म्हणजे जग घरात कोंडलेले असताना, प्रसिद्ध केला. या जातीच्या खेळांना 'हीरो शूटर' म्हणतात. साध्या नेमबाजीच्या खेळात सगळे शिपाई सारखे. इथे प्रत्येक खेळाडू एक ठरावीक पात्र निवडतो आणि त्या पात्राकडे दुसऱ्या कुणाकडे नसलेल्या चार करामती असतात. कुणी धुराचे पडदे टाकतो, कुणी भिंत उभी करतो, कुणी जखमा भरतो. पाच विरुद्ध पाच असा सामना. एका बाजूने 'स्पाईक' नावाचा स्फोटक ठरलेल्या जागी लावायचा, दुसऱ्या बाजूने तो लावू द्यायचा नाही, आणि लावलाच तर ४५ सेकंदांच्या आत निकामी करायचा. निकामी करायला सात सेकंद लागतात. त्या सात सेकंदांत आमच्या घरात कुणी श्वास घेत नाही. जो संघ आधी १३ फेऱ्या जिंकेल तो विजयी.

ज्यांनी कबड्डी खेळली आहे त्यांना हा खेळ समजायला पाच मिनिटे पुरतात. चढाईला जाणारा वेगळा, कोपरा धरणारा वेगळा, मध्यरक्षक वेगळा. सगळेच चढाईपटू असतील तर संघ हरलाच म्हणून समजा. व्हॅलोरंटमध्येही पात्रांचे चार गट आहेत. 'ड्युएलिस्ट' म्हणजे चढाईपटू. 'सेंटिनेल' म्हणजे कोपरारक्षक. 'इनिशिएटर' आधी चाचपणी करून वाट मोकळी करतो, आणि 'कंट्रोलर' धुराने प्रतिपक्षाचे डोळे बांधतो. आमची कन्या बहुधा सायफर नावाचा सेंटिनेल घेते. कथेनुसार हा मोरोक्कोचा माणूस. दारात अदृश्य तारा बांधायच्या, भिंतीवर लपवलेला कॅमेरा लावायचा आणि शांत बसून राहायचे, हे त्याचे काम. मी ब्रिमस्टोन घेतो. तो पिकल्या दाढीचा, सावकाश चालणारा गृहस्थ आहे. वयाला शोभतो, आणि त्याला फार नेम धरावा लागत नाही.

कबड्डीत बाद झालेला गडी रेषेबाहेर बसतो आणि आपल्या संघाने गुण मिळवला की परत येतो. इथे मेलेला गडी ती फेरी संपेपर्यंत बाहेर, आणि तोवर त्याला आपल्या सोबत्यांच्या डोळ्यांनी खेळ पाहता येतो. मला ही व्यवस्था फार आवडली. तीस-चाळीस सेकंद दुसऱ्याचा खेळ मुकाट्याने पाहावा लागतो. आपण कुठे चुकलो ते कळते, आणि दुसरा किती अवघड जागी आहे तेही कळते. मैदानी खेळांत प्रशिक्षक हेच ओरडून सांगत असतो.

दुसरे गुणस्थान पैशाचे. प्रत्येक फेरीआधी शस्त्रे विकत घ्यायची. सुरुवातीला हाती ८०० क्रेडिट. फेरी जिंकली तर ३०००, हरली तर १९००, सलग हरत गेलात तर हळूहळू २९०० पर्यंत. चांगली बंदूक २९०० ला. म्हणजे हरणाऱ्याला थोडा आधार आहे, पण उधळेपणाला क्षमा नाही. कधी पाचही जणांनी ठरवून एक फेरी जवळजवळ रिकाम्या हाताने खेळायची, म्हणजे पुढच्या फेरीत सगळ्यांकडे पुरेसे पैसे असतात. एकाने हट्टाने खर्च केला तर पाचांची घडी विसकटते. शिवाय ज्याच्याकडे जास्त आहे तो दुसऱ्यासाठी बंदूक घेऊन त्याच्या पायाशी टाकू शकतो. आपल्याकडच्या भिशीसारखाच हा प्रकार म्हणायचा. माझ्या कन्येला घरखर्चाचे गणित मी तीन वर्षे समजावत होतो. ते या खेळाने तीन आठवड्यांत समजावले, हे मला निमूटपणे मान्य करावे लागले.

तिसरा आणि सर्वांत मोठा गुण म्हणजे गोळीची समानता. हीरो शूटरच्या वंशावळीत टीम फोर्ट्रेस २ हा २००७ सालचा खेळ मानाचा. त्यात नऊ प्रकारचे शिपाई होते. मग २४ मे २०१६ रोजी ओव्हरवॉच २१ पात्रे घेऊन आला आणि हा प्रकार जगभर पसरला. ओव्हरवॉच रंगतदार खेळ, पण त्यात करामतींची इतकी गर्दी की आपण कशाने मेलो हे नवख्याला शेवटपर्यंत कळत नाही. व्हॅलोरंटने करामती ओव्हरवॉचच्या परंपरेतून घेतल्या आणि कणा काउंटर-स्ट्राइकचा ठेवला. मरणे-मारणे मुख्यतः बंदुकीवर. त्याचा हिशेबही सोपा: पूर्ण आरोग्य १००, त्यावर जड चिलखताचे ५०, मिळून १५०. व्हँडल नावाच्या बंदुकीची डोक्यात बसलेली गोळी कितीही अंतरावरून १६० ची. म्हणजे एक गोळी पुरे. पात्र कुठलेही असो, गोळी सगळ्यांची सारखी. करामत वाट उघडून देते. नेम मात्र स्वतःलाच धरावा लागतो.

आता माझ्या प्रबंधाचा विषय. भिंतीच्या कोपऱ्यामागून जो बाहेर येतो तो थांबलेल्याला क्षणभर आधी पाहतो, कारण त्याच्या हालचालीची बातमी सर्व्हरमार्गे दुसऱ्याच्या पडद्यावर पोचायला वेळ लागतो. या जातीच्या सर्व खेळांचा हा जन्मजात दोष आहे, आणि तो शून्यावर आणणे निसर्गनियमांनुसार अशक्य आहे. कमी मात्र करता येतो. व्हॅलोरंटचे सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा जगाची स्थिती मोजतात, म्हणजे दर पावणेआठ मिलिसेकंदांना एकदा. सत्तर टक्के खेळाडूंना ३५ मिलिसेकंदांच्या आत उत्तर मिळावे, असे उद्दिष्ट कंपनीने सुरुवातीलाच जाहीर केले होते. त्याशिवाय, जो शत्रू तुम्हाला दिसूच शकत नाही त्याची जागा सर्व्हर तुमच्या संगणकाला कळवतच नाही. त्यामुळे भिंतीपलीकडचे पाहणाऱ्या लबाडांचे बरेचसे काम मुळातच खुंटते. हे वाचून मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. मुलांच्या खेळासाठी इतक्या काळजीने केलेले अभियांत्रिकी काम मी अनेक गंभीर उद्योगांतही पाहिलेले नाही.

या काळजीची एक किंमत आहे, तीही सांगतो. लबाडी पकडण्यासाठी व्हँगार्ड नावाचा पहारेकरी प्रोग्राम संगणकात बसवावा लागतो. तो संगणक सुरू होतानाच, विंडोजच्या अगदी गाभ्यात जाऊन बसतो. बंद करता येतो, पण मग खेळायचे असेल तेव्हा संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. घराच्या रखवालदाराला तिजोरीच्या खोलीत झोपायला जागा द्यावी तसा हा व्यवहार. रखवालदार इमानदार असेलही. तरी ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार किंवा ऑफिसचे काम चालते त्यावर मी हा खेळ ठेवला नाही. वाचकांनीही ठेवू नये असे सुचवतो.

इथवर स्तुती झाली. सामन्याच्या चौकटीत हा खेळ प्रामाणिक आहे, असे माझे मत बनले. चौकटीबाहेर पाय ठेवला की मात्र तोच खेळ वेगळा भासू लागतो. त्याचे दोष एकेक करून घेऊ.

पहिला दोष शिकण्याच्या ओझ्याचा. सुरुवातीला ११ पात्रे होती, आता पंचविसाहून अधिक झाली आहेत. प्रत्येकाच्या चार करामती धरल्या तर शंभरावर गोष्टी झाल्या, आणि प्रत्येकीचा आवाज, रंग, अवधी ओळखता आला पाहिजे. जुन्या खेळाडूच्या अंगात हे मुरलेले असते. नव्याला ते सहा महिन्यांचे पाठांतर आहे. त्यातही नव्याला सगळी पात्रे लगेच मिळत नाहीत. पाच हाती येतात. बाकीची खेळून खेळून मिळवायची, नाहीतर पैसे मोजायचे. डोटा २ हा खेळ आपले सर्व वीर पहिल्या दिवशी फुकट देतो, तेव्हा हे अशक्य नाही. ज्या खेळाने गोळी सर्वांना समान ठेवली त्याने गडी निवडण्याचे स्वातंत्र्य असमान ठेवावे, हे मला विसंगत वाटते.

पात्रे वाढवत राहण्यामागे धंद्याची गरज आहे हे उघड आहे. पण पात्र म्हणजे काही कारखान्यातला सुटा भाग नव्हे. सोनीचा कॉन्कॉर्ड नावाचा हीरो शूटर २३ ऑगस्ट २०२४ रोजी बाजारात आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. अवघे १४ दिवस! त्याची नेमबाजी वाईट नव्हती असे म्हणणारे पुष्कळ होते. पण त्यातल्या एकाही पात्रावर लोकांचा जीव जडला नाही.

दुसरा दोष वेळेचा. पूर्ण सामना पस्तीस-चाळीस मिनिटे चालतो, मध्ये उठता येत नाही, उठलात तर शिक्षा होते आणि चार सोबती तोंडघशी पडतात. "ही एकच फेरी" या उत्तराचा अर्थ मला खेळल्यावर कळला. ते कारटेपण नव्हते. चार जणांना दिलेला शब्द होता. सौ.लाही मी हे समजावले, तेव्हापासून आमच्याकडे हाक जेवणाच्या अर्धा तास आधी मारली जाते. डिसेंबर २०२२ मध्ये आलेला 'स्विफ्टप्ले' हा छोटा प्रकार पाच फेऱ्या जिंकल्या की संपतो, साधारण पंधरा मिनिटांत. शाळेच्या दिवशी तेवढाच, असा आमचा तह झाला आहे.

तिसरा दोष दुकानाचा. खेळ फुकट आहे. कंपनी जगते ती बंदुकांच्या रंगीत कातड्यांवर. कातडे चढवल्याने गोळीची ताकद वाढत नाही, हा या दुकानाचा खरा गुण, आणि त्याबद्दल श्रेय दिलेच पाहिजे. पण विक्रीची रीत पाहा. दिरहॅम आधी खेळाच्या चलनात बदलायचे. एक चांगले कातडे १७७५ चे, पण चलन ठरावीक गठ्ठ्यांतच मिळते, त्यामुळे खात्यावर नेहमी थोडी रक्कम उरते आणि ती पुढच्या खरेदीला बोलावत राहते. दुकानात रोज चारच वस्तू दिसतात, त्याही नशिबाने आलेल्या, आणि चोवीस तासांत बदलतात. हवे ते कातडे कधी येईल याचा नेम नाही; म्हणून मूल रोज एकदा दुकानात डोकावते. घेतलेली वस्तू विकता येत नाही, भावाला देता येत नाही. फेरीतल्या पैशाने मुलीला संयम शिकवणारा खेळ खऱ्या पैशाच्या बाबतीत नेमके उलटे शिकवतो. आमच्या घरी कार्डाचा नंबर खात्यात साठवलेला नाही, आणि वाढदिवसाला एक कातडे, एवढाच दंडक आहे.

चौथा दोष सीमांचा, आणि तो आपल्यासारख्या परदेशस्थ कुटुंबांना विशेष जाणवणारा. खेळाडूचे खाते एका प्रदेशाशी बांधलेले असते. आखातातली खाती युरोपच्या गटात मोडतात, भारतातली आशिया-पॅसिफिकच्या. या दोन गटांतले खेळाडू एका सामन्यात येऊ शकत नाहीत. म्हणजे एक आत्येभाऊ पुण्यात आणि मामेभाऊ मुहैस्नाहमध्ये असेल, तर दोघे एकच खेळ खेळतात पण एकत्र कधीच नाहीत. आता अंतराचा हिशेब करू. दुबई ते मुंबई सुमारे १९०० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन १९ मिलिसेकंद. दुबई ते फ्रँकफर्ट सुमारे ४८०० किलोमीटर, जाऊन-येऊन ४८. प्रत्यक्ष तारा सरळ रेषेत नसतात, मधल्या यंत्रांचा वेळ वेगळा, तरी प्रमाण साधारण हेच. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने आपण मुंबईचे शेजारी, आणि खात्याच्या दृष्टीने जर्मनीचे! आखातासाठी जवळ बहरीनला सर्व्हर आहे, त्यामुळे इथल्या इथे खेळताना त्रास नाही. पण भाऊ भावाबरोबर खेळू शकत नाही याला तारा जबाबदार नाहीत. ती रेघ कागदावर ओढलेली आहे. सुट्टीत चार आठवडे एकत्र राहणाऱ्या आणि उरलेले अठ्ठेचाळीस आठवडे एकमेकांना विसरू पाहणाऱ्या भावंडांना रोजची पंधरा मिनिटे देण्याची ताकद या खेळात होती. ती वाया जाते.

पाचवा मुद्दा आपल्या माणसांच्या चित्रणाचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये हार्बर नावाचे भारतीय पात्र आले. भारताच्या किनाऱ्यावरचा, प्राचीन साधनाच्या बळावर पाण्याला हुकूम देणारा वीर. त्याचे खरे नाव वरुण बात्रा. वरुण ठीक, पण किनाऱ्यावरचा बात्रा? आमच्याकडे किनाऱ्यावर कोळी आहेत, गाबीत, भंडारी, खारवी, दालदी आहेत. खाली मोगवीर, मुक्कुवर आहेत. पाण्याशी पिढ्यानपिढ्या झुंजलेल्या माणसांची नावे शोधायला एक दुपार पुरली असती. ओव्हरवॉचने आधी हाच घोळ केला होता. हैदराबादच्या गरिबीतून आलेल्या त्याच्या नायिकेचे नाव सत्या वासवानी. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे देशभर पसरली, तेव्हा हे अशक्य नाही. पण लेखकाने तेवढा विचार करून नाव ठेवले असेल असे वाटत नाही. 'भारतीय' एवढ्या एका शब्दावर काम भागवले गेले. शिवाय हार्बर आला तेव्हा दुबळा होता. त्याच्या पाण्याच्या भिंतींनी नजर अडत असे, गोळी अडत नसे. गोळी अडवणारा त्याचा घुमट लहान. त्याला बराच काळ फार थोड्यांनी निवडले. पुढे कंपनीने त्याच्यात बदल केले, ही गोष्ट वेगळी.

जानेवारी २०२३ मध्ये 'लोटस' नावाचा नकाशा आला. नकाशा म्हणजे रणभूमी. ही रणभूमी पश्चिम घाटात आहे! कन्येने ते सांगितल्यावर मी हातातला चहा बाजूला ठेवला. हिरवाई, पाणी, कोरीव दगड, आणि फिरणारी प्रचंड दगडी दारे. दार फिरले की गडगडाट होतो आणि साऱ्या रणभूमीला कळते की कुणीतरी आत शिरते आहे. खेळाच्या दृष्टीने ही कल्पना उत्तम. स्फोटक लावायच्या जागा दोनाऐवजी तीन, त्यामुळे पाच जणांनी राखायचे कसे हा सततचा पेच. घाट म्हणून मात्र मला ती जागा परकी वाटली. ज्याने जुलैत भीमाशंकरची वाट धरली आहे त्याला सह्याद्री म्हणजे आधी घसरडी पायवाट, अंगावर येणारे धुके आणि कातळाचा काळा रंग. लोटसमध्ये पाऊल कुठेच घसरत नाही. पर्यटनाच्या भित्तिपत्रकातला घाट तो! तरीही एक कबुली देतो: त्या नकाशावर खेळताना मी इतर कुठल्याही नकाशापेक्षा जास्त वेळ भिंतींकडे बघत मरतो.

शेवटचा दोष मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्यानेच हा लेख लिहायला भाग पाडले. हा खेळ बोलण्याचा आहे. पाच जणांनी एकमेकांना सांगितले नाही तर सायफरच्या तारा आणि कॅमेरे निरुपयोगी. कन्या काय पाहते आहे ते इतर चौघांना कळले पाहिजे. एका संध्याकाळी मी तिच्याशेजारी बसलो होतो. कॅमेऱ्यात तिला दाराआड दोन शत्रू दिसले. तिने माईक सुरू करून इंग्रजीत एकच वाक्य सांगितले. पलीकडून एका अनोळखी मुलाने जे उत्तर दिले ते मी इथे लिहिणार नाही. दुसरा हसला. तिसरा गप्प राहिला. शत्रूंबद्दल कुणीच काही विचारले नाही, आणि दहा सेकंदांत तिचा कोपरा पडला. मी संतापून उठलो. ती उठलीसुद्धा नाही. तिने शांतपणे माईक बंद केला आणि म्हणाली, "बाबा, हे रोजचंच आहे. म्हणून तर मी बोलत नाही. आज तुम्ही होतात म्हणून बोलले."

ते वाक्य मला लागले. दोन वर्षे माझी मुलगी बोलण्याचा खेळ मुक्याने खेळत होती. नकाशावर खुणा करायची, दोन शब्द टंकून पाठवायची, आणि त्यावर भागवायची. हा दोष एकट्या या खेळाचा नाही. आवाजाने जोडलेल्या प्रत्येक खेळात मुलींना हे सोसावे लागते, आणि शिव्या देणारी तोंडे कुठल्या ना कुठल्या सुशिक्षित घरातलीच असतात. कदाचित आपल्याही. तक्रार नोंदवता येते, त्या माणसाचा आवाज आपल्यापुरता बंद करता येतो. पण या सगळ्या उपायांत काम कुणाला करावे लागते? जिला बोलले गेले तिलाच. गोळीच्या न्यायासाठी सेकंदाला १२८ वेळा मोजमाप होते. एका मुलीला तिच्या संघात सुखाने बोलता यावे यासाठीचे मोजमाप अजून तितके बारीक झालेले नाही, असे मी या प्रकारच्या खेळांबद्दल एकूणच म्हणेन.

म्हणून माझा निर्णय कोणता? खेळ चांगला आहे. नाटकाच्या भाषेत सांगायचे तर संहिता उत्तम, प्रयोग बांधीव, नाट्यगृह मात्र वाईट. युरोपातल्या वर्गीकरणात तो सोळा वर्षांवरील मुलांसाठी आहे, आणि त्याखालच्या मुलांच्या हाती देऊ नये हे मलाही पटते. रक्त दाखवणे बंद करता येते; आम्ही केले आहे. मुलगा असेल तर त्याच्या शेजारी एक तास बसा आणि तो दुसऱ्यांशी कसा बोलतो ते ऐका. मुलगी असेल तर ती बोलते की नाही ते ऐका.

आणि शक्य असेल तर घरचे पाच जमवा. आम्ही जमवले. कन्या, तिच्या शाळेतल्या दोन मैत्रिणी, अबू धाबीतल्या एका मित्राचा मुलगा, आणि पाचवा मी. सगळी खाती आखातातली, त्यामुळे प्रदेशाची अडचण नाही. २०२२ पासून इथली सुट्टी शनिवार-रविवारची झाली, तेव्हा शनिवारी जेवणे आटोपल्यावर दोन सामने. त्या दोन सामन्यांत कन्येचा माईक पहिल्यापासून सुरू असतो. मैत्रिणींपैकी एक नागपूरची, एक बेळगावची. मराठीचे तीन प्रकार एकाच वेळी कानावर पडतात. मी पाचांत सर्वांत वाईट खेळतो, आणि बहुतेक वेळ मेल्यावर तिच्या डोळ्यांनी पाहत असतो.

मागच्या शनिवारी लोटस आला. दगडी दार गडगडले. "बाबा, डावीकडं दोघं, दाराआड! धूर टाका, धूर टाका!" असे ती ओरडली. मी धूर टाकला, तो उजवीकडे पडला. पुढे काय झाले ते सांगण्यासारखे नाही. सौ. आतून म्हणाली, "किती आरडाओरडा!" पण यंत्र माळ्यावर ठेवण्याची भाषा तिने पुन्हा केलेली नाही.